धातूच्या चिमुकल्या क्लस्टरमधले बंध आणि अरोमॅटिकपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी कर्वे रस्त्याच्या आसपास एका ओळखीच्यांच्या गच्चीवर आम्ही दहा-पंधरा जण जमतो. बीएस्सीची मुलं असतात, दोन-तीन एमएस्सीवाले असतात, एक निवृत्त इंजिनियर काका असतात आणि चहा असतो. धातूंच्या क्लस्टरचा विषय निघाला की प्रश्न तेच येतात आणि माझी उत्तरंही. आता घसा साथ देत नाही, म्हणून लिहून ठेवली. ज्यांना बेंझीन पाठ आहे त्यांनी पहिले दोन प्रश्न सोडून पुढे जायला हरकत नाही.

सर, अरोमॅटिक म्हणजे वास येतो का त्याला?

नाही. १८२५ साली मायकेल फॅरेडेने दिव्याच्या गॅसमागे उरलेल्या तेलकट द्रवातून बेंझीन वेगळं केलं. पुढे त्या कुळातले बरेच पदार्थ वासाचे निघाले आणि नाव पडलं. वास कधीच मागे पडला, नाव मात्र चिकटलं. मराठीत काही जण ‘सुगंधी’ लिहितात. कृपा करून लिहू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या चार अणूंना सुगंधी म्हणायला जीभ रेटत नाही.

वास नाही, तर मग नेमकं काय?

बेंझीनच्या कड्यात सहा कार्बन. कागदावर एकेरी-दुहेरी बंध आलटून पालटून काढतो, पण मोजायला गेलं तर सहाही बंध सारखे, सुमारे १.३९ अँगस्ट्रॉमचे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग). एकेरी बंध साधारण १.५४ असतो, दुहेरी १.३४. म्हणजे बेंझीनमधला ना हा, ना तो. शिवाय हायड्रोजन जोडताना जेवढी उष्णता बाहेर पडायला हवी, त्यापेक्षा मोलमागे सुमारे १५० किलोज्यूल कमी पडते. तेवढी स्थिरता त्याने आधीच गाठीला बांधलेली असते. तिसरी खूण अशी की चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की कड्याभोवती इलेक्ट्रॉनांचा प्रवाह फिरतो.

१९३१ साली एरिक ह्युकेलने याचा हिशेब दिला: सपाट कड्याच्या वर-खाली पसरलेले पाय (ग्रीक अक्षर π) इलेक्ट्रॉन ४एन + २ असतील (एन म्हणजे ०, १, २...), म्हणजे २, ६, १०, तर कडं सुखी. या हिशेबात कार्बनचा उल्लेख कुठेही सक्तीचा नाही. इथून पुढचं सगळं एवढ्या एका फटीतून आत आलेलं आहे.

क्लस्टर म्हणजे किती लहान?

एक ग्रॅम अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे २.२ × १०^२२ अणू असतात. आजीच्या जर्मनच्या पातेल्यातून हजार अणू काढले काय किंवा घातले काय, पातेलं ते पातेलंच. क्लस्टर म्हणजे तीन, चार, तेरा, वीस, फार तर काही शे अणूंचा पुंजका, आणि तिथे एक अणू इकडचा तिकडे झाला की स्वभाव बदलतो. १९८४ साली बर्कलीला वॉल्टर नाइट आणि सहकाऱ्यांनी सोडियमची वाफ थंड करून पुंजक्यांची शिरगणती केली, तेव्हा ८, २०, ४०, ५८ अणूंचे पुंजके आजूबाजूच्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघाले. सोडियम प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे हे आकडे इलेक्ट्रॉनांचेच. अणूमध्ये जशी कवचं भरतात तशी ती अख्ख्या पुंजक्याचीही भरतात. तेरा अ‍ॅल्युमिनियम आणि एक ऋणभार यांची बेरीज करा: १३ × ३ + १ = ४०. हा पुंजका ऑक्सिजनलाही दाद देत नाही. एरवी उघडं अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजन दिसला की क्षणात ऑक्साइडचं पांघरूण घेतं.

शाळेत ‘धातुबंध’ शिकवला होता. इलेक्ट्रॉनांचा समुद्र वगैरे. तो इथे नाही का?

समुद्राला किनारे लांब असावे लागतात. चार अणूंत समुद्र कसला, हौदही नाही. इथे कोणता इलेक्ट्रॉन कोणाच्या वाट्याला आहे हे मोजता येतं आणि ते मोजलंच पाहिजे.

सगळ्यात सोपं उदाहरण धातूचं नाही, हायड्रोजनचं आहे. तीन हायड्रोजन अणुकेंद्रं आणि दोनच इलेक्ट्रॉन असलेला त्रिकोणी धन आयन जे. जे. थॉमसनला १९११ साली सापडला. यात दोन अणूंमध्ये एक रेघ अशी काढताच येत नाही. दोन इलेक्ट्रॉन तिघांनी मिळून धरलेले. हायड्रोजनच्या जागी लिथियम ठेवा, तीन लिथियम आणि एक धनभार. चित्र बरंचसं तेच राहतं. कागदावर रेघा ओढायची सवय इथेच मोडावी लागते. मुलांना त्याचा त्रास होतो आणि व्हायलाच हवा.

अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनाचं एवढं कौतुक का?

२००१ साली लाय-शेंग वांग आणि अलेक्झांडर बोल्डिरेव्ह यांच्या गटांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की चार अ‍ॅल्युमिनियम अणू आणि दोन जादा इलेक्ट्रॉन यांचा सपाट चौकोन बनतो आणि तो अरोमॅटिक आहे. त्यात कार्बनचा एकही अणू नाही. पूर्ण धातूचं अरोमॅटिक कडं तोपर्यंत कोणी असं पकडलेलं नव्हतं.

आता हिशेब. यावर वेळ घालवा, कारण बहुतेकांची गाडी इथेच घसरते. चार अणू, प्रत्येकी तीन संयुजा इलेक्ट्रॉन (बंधात भाग घेणारे बाहेरचे), म्हणजे १२. वर दोन ऋणभाराचे. एकूण १४, म्हणजे सात जोड्या.

पेठेतला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. चार बिऱ्हाडं, प्रत्येकाची आपली खोली आणि मधला चौक सगळ्यांचा. सातपैकी चार जोड्या आपापल्या खोलीत असतात, म्हणजे प्रत्येक अ‍ॅल्युमिनियमकडे स्वतःची एकेक. उरल्या तीन जोड्या. या तिन्ही चौकात असतात, पण एकमेकींच्या अंगावर नाहीत. एक जोडी चौकोनाच्या पातळीच्या वर आणि खाली पसरलेली, ती पाय. दुसरी पातळीतच, मध्याकडे तोंड केलेल्या पी-कक्षकांची (कक्षक म्हणजे इलेक्ट्रॉनाची वावरायची जागा). तिसरीही पातळीतच, पण कडेकडेने फिरणाऱ्या पी-कक्षकांची. या दोन्ही सिग्मा. तिन्ही चौकांत दोन-दोन इलेक्ट्रॉन, आणि प्रत्येक चौकासाठी एन शून्य धरलं तर ४एन + २ बरोबर दोन. म्हणून याला दुहेरी अरोमॅटिक म्हणतात: सिग्माही आणि पायही. बेंझीनकडे ही चैन नाही. त्याचा सिग्मा सांगाडा जागच्या जागी बांधलेला आहे.

वाड्याचा दाखला इथवरच ताणा. वाड्यात एकाच जागी तीन चौक नसतात, इथे असतात.

परिणाम मोजता येतो. भांड्याच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये शेजारच्या अणूंत २.८६ अँगस्ट्रॉमचं अंतर असतं, या चौकोनात गणिताप्रमाणे सुमारे २.६. चारही बाजू सारख्या.

पण सर, एन तीन धरलं तर १४ हेच ४एन + २ होतं. एवढी फोड कशाला?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दर वेळी विजयी हसू असतं. उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर ठरत नाही. नॅफ्थलीन घ्या, म्हणजे कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. दहा कार्बनचे ४०, आठ हायड्रोजनचे ८, एकूण ४८ संयुजा इलेक्ट्रॉन. ४८ ला चारने पूर्ण भाग जातो, म्हणजे तुमच्या रीतीने नॅफ्थलीन अरोमॅटिक नाही! प्रत्यक्षात आहे, कारण मोजायचे ते फक्त पाय: दहा. सोडियमचे ८, २०, ४० हेही चारच्या पटीतले आणि तरी सर्वांत टिकाऊ. ते गोलसर आहेत, कड्याचा नियम त्यांना लागूच नाही. पोकळ गोल पिंजऱ्यांसाठी आंद्रेआस हिर्श यांनी २०००च्या सुमारास आणखी वेगळं सूत्र मांडलं: (एन + १)च्या वर्गाची दुप्पट, म्हणजे २, ८, १८, ३२. तेव्हा आधी आकार बघायचा, मग कोणता गट पसरलेला आहे ते बघायचं आणि शेवटी मोजायचं.

२००१च्या त्या प्रयोगात अ‍ॅल्युमिनियमबरोबर लिथियम, सोडियम, तांबं कशाला घातलं होतं?

दोन जादा ऋणभार एवढ्याशा चौकोनात एकमेकांना ढकलतात. मोकळ्यावर ठेवलं तर एक इलेक्ट्रॉन निघून जातो. वर लिथियम, सोडियम किंवा तांब्याचा एक धन आयन बसवला की चौकोनाचा बुटका पिरॅमिड होतो, एकूण भार एकच ऋण राहतो आणि गोष्ट मोजण्याइतकी टिकते. टोपी काढली की प्रयोग संपला.

हे इतकं लहान, इतका वेळ न टिकणारं. खरंच आहे कशावरून?

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत देखणा भाग हाच.

लेझरचा झोत धातूच्या लक्ष्यावर मारतात. वाफ उडते, हेलियमच्या झोताबरोबर थंड होते आणि तऱ्हेतऱ्हेचे पुंजके तयार होतात. ऋणभाराचे पुंजके विद्युत क्षेत्राने ढकलून लांब नळीतून पळवतात. हलके आधी पोचतात, जड मागून, त्यामुळे हव्या त्याच वजनाचा पुंजका निवडता येतो. मग त्याच्यावर दुसरा लेझर. या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा ठाऊक असते. १९३ नॅनोमीटरच्या लेझरची ६.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि तो किती वेगाने सुटला ते मोजतात. समजा तो ४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन निघाला, तर पुंजक्याने त्याला २.०२ ने धरून ठेवलं होतं. रिक्षात बसताना खिशात किती होते आणि उतरल्यावर किती उरले, यावरून भाडं काढावं तसं.

अशा आकड्यांचा पट्टा मिळतो, एकेका कक्षकाचं एकेक शिखर. मग संगणकावर निरनिराळे आकार मांडून प्रत्येकाचा पट्टा काढतात आणि ताडून बघतात. चौकोनी पिरॅमिडचा जुळला. म्हणजे चौकोन डोळ्यांनी कोणी पाहिलेला नाही. ओळख बोटांच्या ठशांवरून पटवलेली आहे. आमचे इंजिनियर काका म्हणतात, हा परिस्थितीजन्य पुरावा. काका, बरोबर आहे. पण शिखरं चार-पाच असतात आणि सगळी एकदम जुळावी लागतात.

अँटीअरोमॅटिक धातूही असतो का?

असतो. अँटीअरोमॅटिक म्हणजे उलटा प्रकार: पसरलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या अशी की कडं अस्थिर होतं. चौकोनात आणखी दोन इलेक्ट्रॉन घाला. पाय इलेक्ट्रॉन चार होतात. पहिली जोडी खालच्या कक्षकात बसते, पण वरचे दोन कक्षक एकाच उंचीचे असतात, आणि उरलेल्या दोघांनी कुठे बसायचं याचा तंटा उभा राहतो. चौकोन लांबट होऊन, म्हणजे आयत होऊन, तो तंटा मिटवतो. चार कार्बनचं कडं असलेलं सायक्लोब्युटाडाइन हेच करतं. २००३ साली त्याच गटांनी तीन लिथियम आणि चार अ‍ॅल्युमिनियमच्या ऋण आयनात असा आयत दाखवला आणि त्याला पूर्ण धातूचा अँटीअरोमॅटिक म्हटलं.

त्याच वर्षी पॉल श्लेयर आणि मंडळींनी विचारलं, असे रेणू खरोखर आहेत का? त्यांचं म्हणणं होतं की पाय बिघडला असला तरी सिग्मा शाबूत आहे, आणि सिग्माचं पारडं जड आहे. दोघांचीही गणितं बरोबर होती. भांडण होतं ते एका शब्दावर: काही अंगांनी अरोमॅटिक आणि काहींनी उलट असलेल्या वस्तूला काय म्हणायचं? मला विचाराल तर मी एकच शिक्का मारायचं टाळतो. ‘सिग्मा अरोमॅटिक, पाय अँटीअरोमॅटिक’ एवढं लिहिलं की माहिती पूर्ण होते.

निक्स म्हणजे काय, आणि तो आकडा ऋण आला की काम झालं ना?

कड्याच्या मध्यावर, जिथे एकही अणू नाही, तिथे चुंबकीय क्षेत्र किती अडतं याचा संगणकावर काढलेला आकडा म्हणजे निक्स. १९९६ साली श्लेयर यांनीच तो रूढ केला. ऋण आला तर अरोमॅटिककडे कल. बेंझीनच्या मध्यावर साधारण उणे ८ ते १० येतो, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनात त्याहून कितीतरी जास्त ऋण.

पण काम झालं नाही. मध्यबिंदूवर सगळ्यांचीच सावली पडते: पायची, सिग्माची आणि प्रत्येक अणूच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनांचीही. एकच आकडा कोणामुळे आला हे सांगत नाही. फाउलर, हॅवेनिथ आणि स्टाइनर यांनी प्रवाहाचाच नकाशा काढला, तेव्हा दिसलं की या चौकोनात फिरणारा प्रवाह पायचा नाही, जवळजवळ सगळा सिग्माचा आहे. मी स्वतः कित्येक वर्षं फळ्यावर बेंझीनसारखा पायचा प्रवाह काढत होतो. एका विद्यार्थिनीने शांतपणे हात वर करून हे दाखवून दिलं. त्या दिवशीचा चहा माझ्याकडून झाला.

म्हणून कोणी ‘निक्स ऋण, म्हणून अरोमॅटिक’ एवढंच लिहून आणलं की मी वही परत करतो. आकार सममित आहे का, वरच्या भरलेल्या आणि पहिल्या रिकाम्या कक्षकात अंतर चांगलं आहे का, कोणते इलेक्ट्रॉन पसरलेत आणि प्रवाह कोणाचा, हे सगळं आणा.

सिग्मा, पाय झालं. डेल्टाही असतो म्हणे?

असतो. त्याला डी-कक्षक लागतात, म्हणून तो संक्रमण धातूंकडेच मिळतो, कार्बनकडे नाही. २००७ साली टँटलमचे तीन अणू आणि तीन ऑक्सिजन असलेल्या ऋण आयनात डेल्टा अरोमॅटिकपणा दाखवला गेला. इथे पाठ्यपुस्तकातलं बेंझीन मदतीला येत नाही.

बाटलीत भरून ठेवता येईल असं काही आहे, की सगळं निर्वात नळीतच?

आहे, आणि चौकोनाच्या आधीपासून आहे. १९९५ साली अमेरिकेत ग्रेगरी रॉबिन्सन यांनी गॅलियमच्या तीन अणूंचं कडं स्फटिकरूपात मिळवलं. बाहेरून मोठाले सेंद्रिय गट बसवून ते झाकलेलं होतं, आणि दोन सोडियमनी दिलेले दोन पाय इलेक्ट्रॉन त्यात पसरलेले. बाहेर सेंद्रिय झूल असल्यामुळे ते ‘पूर्ण धातूचं’ नव्हे, एवढाच फरक.

मला जास्त आवडतं ते पाऱ्याचं उदाहरण. सोडियम आणि पारा यांच्या एका मिश्रणात, जिथे सोडियम तीनास पारा दोन हे प्रमाण असतं, पाऱ्याचे चौकोन असतात. चार पाऱ्यांचे ८ इलेक्ट्रॉन, सोडियमकडून आलेले ६. बेरीज करा: पुन्हा १४. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनाची सहीसही जुळी बहीण. ही मिश्रणं रसायनशास्त्रज्ञांच्या फडताळात कधीची पडून होती, २००१ साली कोणीतरी अ‍ॅल्युमिनियमचा चष्मा लावून तिकडे बघितलं.

सोन्याचं काय?

लक्ष्मी रोडवरच्या सोन्याचं नाही, पण सोन्याचं आहे. २००३ साली वीस सोन्याच्या अणूंचा चौमुखी पिरॅमिड सापडला. सोनं प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन देतं, म्हणजे वीस, पुन्हा नाइटच्या यादीतला आकडा. आणि छोटे सोन्याचे पुंजके दहा-बारा अणूंपर्यंत हट्टाने सपाट राहतात. सोन्याचे आतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की सापेक्षतेचा परिणाम होतो आणि बाहेरचा एस-कक्षक आकसतो. सराफाच्या दुकानातला पिवळा रंग आणि हा सपाटपणा, दोन्हींच्या मुळाशी तेच.

पुण्यात यातलं काही झालंय का?

झालंय, आणि गच्चीवरच्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नसतं याचं मला वाईट वाटतं. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात दिलीप कान्हेरे यांच्या गटाने क्लस्टरांवर अनेक वर्षं गणनात्मक काम केलं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल यांच्या गटाने. दोघांनी मिळून २००४च्या सुमारास चार अ‍ॅल्युमिनियम आणि चार सोडियमच्या पुंजक्यातला अँटीअरोमॅटिकपणा तपासला.

पण सगळ्यात गमतीची गोष्ट गॅलियमची. गॅलियम २९.८ अंशांना वितळतं. एप्रिलमध्ये पुण्यात पंखा बंद करून टेबलावर ठेवलं तर आपोआप पाणी. पुंजके मोठ्या तुकड्याच्या आधी वितळतात अशी सर्वसाधारण समजूत होती, कारण पृष्ठभागावरचे अणू सैल असतात. २००३ साली अमेरिकेत मार्टिन जॅरल्ड यांच्या गटाने मोजलं तर ३९ आणि ४० अणूंचे गॅलियम पुंजके सुमारे ५५० केल्विनला वितळले, आणि १७ अणूंचा ७०० केल्विनपर्यंत वितळलाच नाही. मोठा तुकडा ३०३ केल्विनला, म्हणजे वरच्याच २९.८ अंशांना, वितळतो! पुढच्याच वर्षी कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी कारण मांडलं: पुंजक्यात गॅलियमचे बंध सहसंयुज (अणूंनी आपसात इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले) होतात, मोठ्या तुकड्यातल्यासारखे अर्धे धातूचे राहत नाहीत. कागदावरचा बंधाचा प्रकार तापमापकावर अडीचशे अंशांनी दिसावा, यापेक्षा ठोस काय हवं?

याचा उपयोग काय?

काकांचा प्रश्न. थोडा आहे. पॅलेडियमच्या तीन अणूंचं अरोमॅटिक कडं असलेलं संयुग उत्प्रेरक म्हणून चालतं: तिहेरी बंधावर हायड्रोजन जोडून दुहेरीवर थांबतं, पुढे जात नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनाचा बाजारात काडीचा उपयोग नाही.

मला घरी लॅपटॉपवर करून बघायचंय. कुठून सुरुवात करू?

रेणूंची गणितं करणारे प्रोग्राम आहेत: साय-फोर फुकट आहे, ऑर्का शैक्षणिक कामासाठी फुकट आहे, कक्षकांची फोड बघायला मल्टीडब्ल्यूएफएन आहे. चार अ‍ॅल्युमिनियम साध्या लॅपटॉपला झेपतात. उघडा द्विऋण चौकोन घेऊ नका; वर सोडियम बसवा, नाहीतर जादा इलेक्ट्रॉन पळून जायच्या बेतात असतो आणि संगणक तुम्हाला सभ्य चेहऱ्याने चुकीचं उत्तर देतो. बेसिस सेटमध्ये (कक्षक ज्या तयार फलनांतून बांधतात त्यांचा संच) लांबवर पसरणारी फलनं जरूर घाला, ऋण आयन आहे. आकार स्थिरावला की कंपनसंख्या काढा. एकही काल्पनिक आली तर तो तळ नाही, खिंड आहे, पुन्हा सुरुवात. मग एकेक कक्षक चित्र काढून बघा आणि खोलीतले चार, चौकातले तीन वेगळे ओळखता येतात का ते पाहा. आले नाहीत तर पुढच्या शनिवारी लॅपटॉप घेऊन या. चार्जर आणा, गच्चीवर प्लग एकच आहे.